कॅमेऱ्याचा वायरलेस रिमोट घेताय? आधी त्याची वायर बघा

त्रिपुरारी पौर्णिमेची पहाट, कोल्हापूरचा पंचगंगा घाट. पणत्या पेटल्या, ट्रायपॉड लागला, आठ सेकंदांचं एक्स्पोजर, म्हणजे तेवढा वेळ शटर उघडं, सेट झालं आणि कॅमेऱ्याला हात न लावता शटर उघडणाऱ्या रिमोटनं मान टाकली. हातातल्या ट्रान्समीटरचा दिवा लागतोय, कॅमेऱ्यावर बसवलेल्या रिसीव्हरचाही लागतोय, कॅमेरा मात्र ढिम्म. शेवटी दोन सेकंदांच्या सेल्फ टायमरवर भागवलं. घरी येऊन बघतो तर रिसीव्हरमधून कॅमेऱ्यात जाणारी वीतभर वायर पिनच्या मुळाशी तुटलेली. वायरलेस म्हणून जादा पैसे मोजायचे आणि जायची काय, तर वायर!

माझा कॅमेरा कॅनन ७००डी. त्याला इन्फ्रारेड रिमोटही चालतो, तो स्वस्त आणि वायरीची भानगडच नाही. पण त्याचा इशारा पकडणारा सेन्सर कॅमेऱ्याच्या पुढच्या बाजूला, म्हणजे मागं उभं राहून दाबायचं तर हात वळवून पुढं न्यायचा. भर उन्हात तर त्याचा भरवसाच नाही. म्हणून २.४ गिगाहर्ट्झचा रेडिओवाला घेतला. कॅननच्या बऱ्याच मोठ्या मॉडेलना माझ्या ७००डीची २.५ मिमीची पिन चालत नाही, तीन टोकांची एन३ लागते. निकॉनची आणखी वेगळी. मॉडेल बघूनच मागवा.

विक्रेत्याला फोन केला. म्हणे वायर सुटी मिळत नाही, अख्खा सेट घ्या. अहो, रिसीव्हर ठणठणीत आहे, ट्रान्समीटर ठणठणीत आहे, टीचभर वायरीसाठी सगळं परत घेऊ? तर म्हणे, ‘सर, पॉलिसी आहे.’ मग ईमेल, मग फोटो, मग व्हिडिओ. शेवटी ‘आपली तक्रार सोडवली आहे’ असा मेसेज आला. कुणी सोडवली देव जाणे.

राजारामपुरीत मोबाइल दुरुस्त करणाऱ्या पोराकडं गेलो. आत तीनच तारा: एक अर्थिंगची, एक फोकसची, एक शटरची. पोरानं नवी पिन डकवली. पहिल्यांदा दोन तारांची अदलाबदल झाली, त्यामुळं बटण अर्धं दाबलं की नुसता फोकस व्हायला हवा, तर थेट खटका पडायचा. उलटून परत डाग दिल्यावर झ्याक चालायला लागला. त्यानं घेतलेले पैसे सांगितले तर विक्रेत्याला लाज वाटेल.

इथवर लिहिलं तेव्हा ‘गप वायरवाला रिमोट घ्या’ असंच म्हणणार होतो. पण मधे कळंब्याला गेलो. खंड्या रोज बसतो त्या काटकीसमोर कॅमेरा ठेवला, फोकस मॅन्युअल करून टाकला आणि लांब झाडाआड जाऊन बसलो. तो आला, बसला, बटण दाबलं, भरला की फ्रेम! वायरवाल्यानं हे जमलं नसतं. राधानगरीत काजव्यांसाठीही हाच उपयोगी. कॅमेरा ३० सेकंदांच्या पुढं स्वतःहून जात नाही, बल्बवर, म्हणजे बटण सोडेपर्यंत शटर उघडं ठेवणाऱ्या मोडवर, टाकावा लागतो. रिमोटचं बटण थोडा वेळ धरलं की लॉक होतं, परत दाबलं की शटर बंद. रिसीव्हरच्या दिव्यावर मात्र काळी चिकटपट्टी लावा, अंधारात डोळ्यांत खुपतो.

तेव्हा घ्या, पण रिसीव्हरला वायर कायमची जोडलेली असेल तर तो सेट हातात धरू नका. दोन्ही टोकांनी निघणारी वायर हवी, आणि तीही सुटी विकत मिळणारी. रेंज किती मीटर, टायमर आहे का, हे नंतर. माझ्या ट्रान्समीटरला २३ए सेल लागतो, तो लक्ष्मीपुरीत मिळतो, त्याची काळजी नाही.