जांभ्याच्या बंगल्यात दहा महिने : दगडाला उगाच शिव्या घातल्या

महाबळेश्वरचा हा इंग्रजी अमदानीतला, तांबड्या जांभा दगडाचा बंगला ऑक्टोबरात वर्षाच्या कराराने घेतला. परवा पश्चिमेच्या भिंतीने कपाटामागे परातीएवढा गिलावा टाकला, म्हणून हे लिहायला बसलो.

उंच जोतं, खोल व्हरांडा, मंगलोरी कौलं, शेकोटीचं धुराडं हे सगळं तुम्हाला ठाऊक आहे. मे महिन्यात पंखा लावावा लागला नाही, एवढं पुरे. तेव्हा विचारलं असतंत तर पाच तारे दिले असते.

जुलैत भिंतीला लोणा लागला, म्हणजे ओलीबरोबर पांढरे क्षार फुलले. चादरी ओलसर, चपलांना बुरशी, हवा कोरडी करायचं यंत्र आणलं तर विजेचं बिल दुप्पट. साताऱ्याच्या छत्रपतींना खंडाळा गाव देऊन १८२९ साली साहेबाने ही जागा घेतली आणि घरं बांधली ती या जांभ्याच्या स्पंजात, असं मी चारचौघांत बोलत सुटलो.

ते शब्द मागे घेतो. गावातल्या एका म्हाताऱ्या गवंड्याने मला मागच्या भिंतीशी नेलं. तिथल्या दर्जा, म्हणजे दगडांमधले सांधे, अजून चुन्याच्या. नखाने खरवडल्या तर पीठ पडलं, पण आतली खोली कोरडी. पश्चिमेला मात्र चार वर्षांपूर्वी कुणा ठेकेदाराने आतून-बाहेरून सिमेंट थापलेलं. जांभा सच्छिद्र, पाणी पिणारच, पण चुन्यातून ते परत बाहेर पडतं. सिमेंटच्या बारीक भेगेतून शिरलेल्या पाण्याला ती वाट बंद. मग ते क्षार घेऊन माझ्या कपाटामागे निघतं. खाणीतून काढताना कुऱ्हाडीने तासता येणारा हा दगड उघड्या हवेवर घट्ट होत जातो. वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस झेलत तो उभा आहे, आणि मी त्याला नावं ठेवत होतो!

पूर्वी पावसाळ्यात या पश्चिमेच्या बाजूला झड अडवायला गवताच्या ताट्या बांधत. खर्च वाचवायला मालकांनी निळं प्लास्टिक टांगलं, ते पहिल्याच झडीत दरीत गेलं.

सिमेंट खरवडून गुळाचं आणि हिरड्याचं पाणी घातलेला चुना भरायचे गवंड्याने अठ्ठावीस हजार सांगितलेत. ताट्या मी करतो, चुना तुम्ही करा, असं मालकांना कळवलंय. ‘दिवाळीनंतर बघू’ म्हणाले. तोवर कपाट खोलीच्या मधोमध आहे. तीन तारे.