‘सुम्मा’चा तिसरा भाग : काही महिने वापरल्यानंतर

तेराव्या शतकातला ख्रिस्ती धर्मपंडित थॉमस अक्वायनस याच्या ‘सुम्मा थिओलॉजिए’ या ग्रंथाचा तिसरा भाग पावसाळ्यापासून रोज थोडा थोडा वाचतोय. इथल्या प्रकरणांना ‘प्रश्न’ म्हणतात आणि प्रत्येकात उपप्रश्न असतात. ख्रिस्ताविषयीचे प्रश्न 59, त्यातले पहिले 26 नीट वाचले. पुढे येशूचं चरित्र येतं, ते भराभर. चर्चच्या संस्कारांवरचा (बाप्तिस्मा वगैरे) भाग सोडला. थॉमसच्याच डॉमिनिकन संघातल्या इंग्लिश फादरांनी शंभरेक वर्षांपूर्वी केलेलं भाषांतर नेटवर फुकट मिळतं, तेच वापरलं. भाषा जुनाट आहे, पण अडत नाही.

आधी वापरायची रीत सांगतो, कारण बरेचजण इथेच पुस्तक मिटतात. प्रत्येक उपप्रश्न विरोधकाच्या तोंडून सुरू होतो. आधी बहुधा तीनेक आक्षेप, मग उलट बाजूचं एखादं वचन, मग थॉमसचं उत्तर आणि शेवटी एकेका आक्षेपाचा समाचार. घाईतला माणूस थेट उत्तरावर उडी मारतो. तसं करू नका. आक्षेप वाचून थांबा, स्वतः काय म्हणाल ते बघा. आक्षेप लुटुपुटुचे नाहीत, काही तर उत्तरापेक्षा जड आहेत.

चौकट जुनीच. ख्रिस्त ही व्यक्ती एक, स्वभाव (म्हणजे मूळ स्वरूप) दोन, दैवी आणि मानवी. त्यांची सरमिसळ नाही आणि फारकतही नाही. हे 451 साली खाल्सेदोनच्या धर्मपरिषदेत ठरलं. मध्ययुगातल्या पंडितांचा वाद होता तो ‘म्हणजे नेमकं कसं’ यावर. बाराव्या शतकात पीटर लोम्बार्डने तीन मतं मांडून ठेवली होती. तिसरं मत असं, की अंगरखा चढवावा तसा देवाच्या शब्दाने, म्हणजे देवपुत्राने, मानवी देह आणि आत्मा धारण केला. देह म्हणजे वस्त्र ही कल्पना आपल्या इतकी अंगवळणी पडलेली की हे वाचताना मान आपोआप डोलते. पण अंगरखा अंगाबाहेरचा. मग ‘माणूस म्हणून ख्रिस्त काहीच नाही’ असं म्हणायची पाळी येते, आणि काहीजण तसं म्हणूही लागले. पोप अलेक्झांडर तिसरे यांनी 1177 साली त्याला बंदी घातली. दुसऱ्या प्रश्नात थॉमस हे प्रकरण मिटवतो : लोम्बार्डचं दुसरं मत (व्यक्ती एकच, स्वभाव दोन) हे मत नव्हेच, ती श्रद्धाच आहे; बाकी दोन्ही ख्रिस्ताच्या दोन व्यक्ती करणाऱ्या नेस्टोरियसच्या वळणावर जातात.

सगळ्यात उपयोगी पडला तो सोळावा प्रश्न. इथे तो एकेक वाक्य ठोकून बघतो. ‘देव माणूस आहे’? खरं. ‘ख्रिस्त निर्मिलेला आहे’? नुसतं असं म्हणायचं नाही, देवपुत्रालाच निर्मिलेला मानणाऱ्या एरियसचा वास येतो. ‘मानवी स्वभावानुसार’ ही जोड हवी. ‘ख्रिस्त माणूस म्हणून देव आहे’? हे नाकारायचं, कारण ‘माणूस म्हणून’ म्हटलं की बोट स्वभावाकडे जातं, आणि मानवी स्वभाव हे काही तो देव असण्याचं कारण नव्हे. हा प्रश्न पचला की रविवारच्या मिस्सातलं (चर्चमधल्या उपासनेतलं) प्रवचन पूर्वीसारखं कानावरून जात नाही. फादरांची वाक्यं मनात तपासली जातात, त्याला इलाज नाही.

नववा प्रश्न ख्रिस्ताच्या ज्ञानाचा. येशू अनुभवातून काही शिकला का? थॉमस हो म्हणतो, आणि आपण दुसरीकडे वेगळं लिहिलं होतं हेही जाता जाता सांगून टाकतो. कारण साधं : जाणिवांतून ज्ञान घडवणारी शक्ती माणसाच्या बुद्धीत असते, ती ख्रिस्तात नुसती पडून राहिली असती तर त्याचं माणूसपण अपुरं ठरलं असतं.

आता कुरकुर. इतकं मान्य केल्यावर बाराव्या प्रश्नात तो म्हणतो की ख्रिस्त कुठल्याही माणसाकडून काही शिकला नाही. बारा वर्षांचा येशू मंदिरात गुरुजनांना प्रश्न विचारतो, तेही म्हणे शिकण्यासाठी नव्हे, शिकवण्यासाठी. मग आई मरियेने त्याला बोलायला शिकवलं नाही? सुतार योसेफाने रंधा कसा धरायचा ते दाखवलं नाही? थॉमसचं म्हणणं, देवाने घडवलेल्या वस्तूंकडून शिकणं त्याला अधिक शोभणारं. मला हे पटत नाही. शेवटच्या दिवसाची घटका पुत्रालाही ठाऊक नाही, असं मार्कच्या शुभवर्तमानात येशू स्वतः म्हणतो. त्यावरचं दहाव्या प्रश्नातलं उत्तर आणखी तोकडं : ठाऊक नाही म्हणजे तो ते सांगत नाही. गर्भधारणेपासूनच ख्रिस्ताला देवाचं पूर्ण दर्शन होतं, हे एकदा धरल्यावर दुसरं काय म्हणणार? क्रुसावरच्या वेदनांपाशीही हाच पेच येतो. तिथे तो निदान वेदना खऱ्या होत्या यावर ठाम राहतो, आत्म्याचा वरचा भाग त्याच वेळी आनंदात होता असं म्हणत का होईना.

6 डिसेंबर 1273 नंतर त्याने लिखाण थांबवलं आणि ग्रंथ अर्धवट राहिला, म्हणून काहीजण हा भाग घ्यायला कचरतात. ख्रिस्ताचे प्रश्न त्याआधीच पुरे झालेत, तुटलंय ते पुढे प्रायश्चित्ताच्या संस्कारात.

पाचपैकी चार तारे. नव्याने घेणाऱ्याने पहिल्या पानापासून सुरू करू नये. आधी सोळावा, मग दुसरा, मग नऊ ते बारा सलग. पहिल्या प्रश्नातला तिसरा उपप्रश्न, माणसाने पाप केलं नसतं तर देव देहधारी झाला असता का हा, एखाद्या वाद घालणाऱ्या मित्रासोबत वाचा. थॉमस ‘बहुधा नाही’कडे झुकतो, पुढच्या पिढीतला पंडित डन्स स्कोटस उलट बाजूला. मी स्कोटसच्या बाजूचा.