घरात असताना दार: उघडं की कडी लावलेलं?

आमच्या जळगावकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, तेव्हा दार बंद करणं जिवावर येतं. त्यात कूलर. त्याच्या दमट हवेला बाहेर जायला वाट हवीच. सगळं बंद केलं की खोली गार होण्याऐवजी अंग चिकचिकतं. शिवाय उघड्या दारातून शेजारच्या काकू हाक मारतात, ओट्यावर बसलेल्या आजीकडे येता-जाता लक्ष राहतं. हे सुख मला फार मोलाचं वाटतं.

पण दुपारी कूलरच्या घरघरीत कोणाची पावलं ऐकू येत नाहीत. आम्ही सगळे मागच्या खोलीत झोपलेलो असताना पुढच्या टेबलावरचा मोबाइल गेला. कुलूप तुटलं नाही, काही वाजलंही नाही.

म्हणून मी कडीच्या बाजूची. मात्र आतून किल्लीचं कुलूप नको: आग लागली, गॅस गळला, तर अंधारात किल्ली शोधायची कधी? हाताने सरकणारी कडी बरी. हवेसाठी लाकडी दार उघडं ठेवून लोखंडी जाळीच्या दाराला कडी लावावी, मागची गजांची खिडकी उघडी असू द्यावी. आणि रात्री गच्चीवर झोपायला जाताना खालच्या दाराला आतून कडी लावलीय ना, हे एकदा हाताने चाचपून बघा.