सॉर्टेडसेट काही महिने वापरल्यावर: वेग झकास, पण एका ननने (None) रडवलं

पायथनच्या सॉर्टेडकंटेनर्स लायब्ररीतला सॉर्टेडसेट (व्हर्जन 2.4.0), म्हणजे प्रत्येक नग एकदाच आणि क्रमाने लावून ठेवणारा संच, कशाला लागतो ते सांगत बसत नाही. जॉबच्या वेळापत्रकासाठी रोज वापरतोय: टाइमस्टॅम्प टाकायचे, पहिला काढायचा, दोन वेळांमधले आयरेंजने उचलायचे. सगळं सुरळीत होतं. मग एका रात्री हिशेबच जुळेना. लेन (नग मोजणारं फंक्शन) जो आकडा सांगतंय, त्यापेक्षा फॉर लूपमध्ये एक नग कमी.

सोर्स उघडून बघितला. आत दोन कप्पे आहेत, साधा सेट आणि सॉर्टेडलिस्ट. नग घालणारं ॲड आधी सेटमध्ये टाकतं, मग लिस्टमध्ये. डेटात कुठूनतरी नन, म्हणजे पायथनमधलं ‘इथे काहीच नाही’ असं सांगणारं मूल्य, घुसला होता. सेटने तो मुकाट घेतला. लिस्टमध्ये आकड्याशी तुलना करायची वेळ आली तेव्हा टाइपएरर, म्हणजे ‘या दोन प्रकारांची तुलना होत नाही’ अशी तक्रार. सेटमधला नन मात्र तिथेच! चूक झाली की काम पुन्हा करणाऱ्या रिट्रायने तोच ॲड पुन्हा चालवला तर एररच नाही, कारण ‘हा तर आधीपासून आहे’. लॉग हिरवागार. लेन सेटला विचारतं, लूप लिस्टवर फिरतो, मग जुळणार कसं? वर कडी म्हणजे डिस्कार्ड (नग काढून टाकणारी मेथड) करून नन काढायला जा, तेही टाइपएरर फेकतं, पण जाता जाता सेट साफ करून जातं.

एकदम अनेक नग घालणाऱ्या अपडेटचं तर बोलूच नका. नवा माल जुन्याच्या चौथाईपेक्षा जास्त असेल तर ते लिस्ट आधी रिकामी करतं, मग सगळं सॉर्ट करायला घेतं. त्यात एक नन निघाला की सेट भरलेला आणि लिस्ट कोरी.

वैतागून साध्या लिस्टवर बायसेक्टचं इन्सॉर्ट (नग क्रमातल्या योग्य जागी घुसवणारं पायथनचं फंक्शन) लावलं. डुप्लिकेट आपणच तपासायचे, आणि मध्ये काही घातलं की पुढची अख्खी लिस्ट सरकते. डेटा वाढला तसं ते रांगायला लागलं. सॉर्टेडलिस्ट हजाराच्या आसपासचे तुकडे ठेवते, दोन हजारांवर गेला की तुकडा फोडते, त्यामुळे सरकवासरकव थोडक्यात आटोपते. शिवाय शुद्ध पायथन, कंपायलरची कटकट नाही. मुकाट्याने सॉर्टेडसेटकडे परत आलो.

आता ॲडच्या आधी टाइप तपासणारा छोटा रॅपर (वरून गुंडाळलेला कोड) लावलाय. मोठा अपडेट असेल तर नवा सॉर्टेडसेट बाजूला बनवतो आणि नीट बनला तरच जुन्याच्या जागी ठेवतो. प्रत्येक नगाचा रेफरन्स दोनदा साठवतात, ती उधळपट्टी अजून डोळ्यात खुपते, पण ‘इन’ची (नग आत आहे का ही) तपासणी त्यामुळेच झटपट होते, म्हणून गप्प बसतो. ॲडमधल्या त्या गोंधळाला मात्र असं काही कारण नाही. तिथे दोन ओळींची नुसती अदलाबदल करायची, आधी लिस्ट, मग सेट.