निसटलेले ब्रॅकेट आणि हाती धरायचा सँडब्लास्टर : वापरानंतरचे मत

दात सरळ करण्याचे ऑर्थोडॉन्टिक उपचार चालू असताना रुग्णाने चिक्की किंवा भाजलेले कणीस खाल्ले आणि ब्रॅकेट (तार धरण्यासाठी दातावर चिकटवलेला छोटा तुकडा) निसटले, की डॉक्टरांसमोर दोनच मार्ग असतात : नवे ब्रॅकेट लावणे किंवा तेच स्वच्छ करून पुन्हा बसवणे. दुसऱ्या मार्गासाठी डेंटल चेअरच्या हवेच्या नळीला जोडता येणारा छोटा सँडब्लास्टर, म्हणजे हवेच्या दाबाने बारीक भुकटीचा झोत सोडणारे उपकरण, मी काही काळापासून वापरत आहे. धातूच्या ब्रॅकेटपुरते बोलायचे, तर हे उपकरण मला समाधानकारक वाटते.

काम सोपे आहे. ब्रॅकेट चिमट्यात घट्ट धरून साधारण एक सेंटिमीटर अंतरावरून त्याच्या तळावर 50 मायक्रॉनच्या ॲल्युमिनियम ऑक्साइडचा झोत सोडायचा आणि तळाच्या जाळीत अडकलेले जुने काँपोझिट (ब्रॅकेट दाताला चिकटवणारे द्रव्य) दिसेनासे झाले की लगेच थांबायचे, कारण त्यापुढचा प्रत्येक क्षण जाळीच्या बारीक तारांनाच झिजवतो. हिरव्या दगडाने (घासण्याच्या फिरत्या दगडाने) घासल्यास काँपोझिटबरोबर जाळीही सपाट होते, तर ज्योतीवर तापवल्यास काँपोझिट जळून जाते खरे, पण स्टेनलेस स्टील काळवंडते, मऊ पडते आणि त्याची गंजरोधकता घटते. या दोन्ही पद्धतींपेक्षा झोताची पद्धत निश्चितच सरस आहे.

आता पकडीविषयी, म्हणजे ब्रॅकेट दाताला किती घट्ट चिकटते याविषयी. संशोधक रेनॉल्ड्स यांनी 1975 साली सुचवलेली 5.9 ते 7.8 मेगापास्कल (चिकटण्याच्या ताकदीचे एकक) ही मर्यादा आजही पुरेशा बंधाचा मापदंड म्हणून वापरली जाते. झोताने साफ केलेल्या धातूच्या ब्रॅकेटची पकड काही प्रयोगांत नव्याच्या बरोबरीची, तर काहींत थोडी कमी आढळली आहे. मात्र काम नीट झाले असेल तर ती साधारणपणे या मर्यादेच्या खाली जात नाही. माझा अनुभवही याला धरूनच आहे. अर्थात, निम्मे यश दाताच्या बाजूवर अवलंबून असते : एनॅमलवर (दाताच्या बाहेरच्या कठीण थरावर) उरलेले काँपोझिट टंगस्टन कार्बाइड बरने (दातांवर वापरायच्या छोट्या फिरत्या हत्याराने) हलक्या हाताने काढून, 37 टक्के फॉस्फोरिक आम्लाने पुन्हा एचिंग करून, म्हणजे पृष्ठभाग सूक्ष्म खरबरीत करून, दात पूर्ण कोरडा ठेवला नाही, तर नवे कोरे ब्रॅकेटही टिकणार नाही, आणि दोष मात्र बिचाऱ्या जुन्या ब्रॅकेटला दिला जाईल.

सिरॅमिक ब्रॅकेटसाठी हे उपकरण घेऊ नये. त्यांच्या तळावरील सायलेनचा (चिकटण्यास मदत करणाऱ्या रसायनाचा) थर आणि पकडीसाठी केलेली रचना झोताने नष्ट होते. तेथे नवे ब्रॅकेट लावणेच योग्य.

उपकरणाच्या तक्रारीही आहेत. भुकटी सर्वत्र उडते, त्यामुळे जोरदार सक्शन, चष्मा आणि मास्क यांशिवाय त्याला हात लावू नये आणि काम रुग्णाच्या तोंडापासून दूरच करावे. पावसाळ्यात कॉम्प्रेसरमधील ओलावा भुकटीत उतरला की नळी तुंबते. हवा कोरडी करणारा फिल्टर नसेल तर कोकणातल्या दवाखान्यात हा त्रास जवळजवळ अटळ समजावा. तोटीही झिजते, म्हणून सुटे भाग मिळतात का, हे खरेदीपूर्वीच विचारावे.

तळ वाकलेला किंवा तार बसण्याची खाच पसरलेली असेल, तर ब्रॅकेट सरळ टाकून द्यावे. एकाचे ब्रॅकेट दुसऱ्या रुग्णाला लावण्यास माझा स्पष्ट विरोध आहे. त्याच रुग्णाच्या त्याच दातासाठी मात्र, त्याला तसे सांगून, हा पर्याय मी नि:संकोचपणे वापरतो.