रॅम भरून गेल्यावर स्वॅप रिकामा करायचा की सरळ रिस्टार्ट मारायचा?

माझा लॅपटॉप जुना आहे, ८ जीबी रॅम, साधी हार्ड डिस्क आणि उबंटू लिनक्स. रावेरकडच्या केळीच्या बागांचे ड्रोन फोटो जोडायला लावले की तो प्रोग्रॅम अख्खी रॅम खाऊन टाकतो आणि माऊससुद्धा हलत नाही. प्रोग्रॅम मारला की रॅम मोकळी होते, पण मशीन तरी रडतच राहतं, कारण बाकीच्या प्रोग्रॅमांचा माल तोवर स्वॅपमध्ये, म्हणजे रॅममध्ये न मावलेलं ठेवायच्या डिस्कवरच्या जागेत, गेलेला असतो आणि लिनक्स तो आपणहून परत आणत नाही, तुम्ही ब्राउझरच्या टॅबला हात लावला की मग आणतो, तेही थोडं थोडं.

मग एकतर रिस्टार्ट, नाहीतर टर्मिनलमध्ये सुडो (अ‍ॅडमिनचा हक्क) लावून स्वॅपऑफ -ए (swapoff -a), म्हणजे स्वॅपमधला सगळा माल रॅममध्ये परत आणून स्वॅप बंद, आणि ते संपलं की स्वॅप परत चालू करायला स्वॅपऑन -ए (swapon -a).

वेळ बघाल तर रिस्टार्ट जिंकतो भो. माझ्याकडे दोन-अडीच मिनिटात डेस्कटॉप येतो. स्वॅपऑफला तीन जीबी परत ओढायला चहा करून, पिऊन, कप विसळून होतो, आणि तोवर नुसता कर्सर लुकलुकतो. दुसऱ्या टर्मिनलमध्ये रॅम आणि स्वॅपचा हिशोब दाखवणारं फ्री -एच (free -h) मारत राहा, स्वॅपचा आकडा उतरताना दिसला की जिवात जीव येतो.

पण माझं घोडं अडलं ओटीपीवर. मी लोकांचे ऑनलाईन फॉर्मही भरतो, नंबर शेतकऱ्याचा, मोबाईल त्याच्या खिशात आणि तो मळ्यात. रिस्टार्ट मारला की लॉगिन गेलं, अर्धा फॉर्म गेला. मे महिन्यात भर दुपारी एका काकांना तिसऱ्यांदा फोन केला, काका परत एक नंबर आला असेल बघा, तर म्हणे, "आरे भाऊ, मी केळीले पाणी देऊ का तुले नंबर सांगत बसू?" तेव्हापासून मी स्वॅपऑफवाला. अर्थात ते चालू असतानाच सेशन संपलं असंही एकदा झालंय, खोटं कशाला बोलू.

फक्त स्वॅपमध्ये जेवढं आहे तेवढं मावेल इतकी रॅम मोकळी पाहिजे, नाहीतर स्वॅपऑफ अर्ध्यातच हात वर करतं, म्हणून खादाड प्रोग्रॅम आधी मारा. एसएसडीवाल्यांना, म्हणजे हार्ड डिस्कऐवजी वेगवान डिस्क असलेल्यांना, एवढा विचार नसेल करावा लागत, मित्राच्या मशीनवर तंबाखू मळेपर्यंत संपलं होतं.

रिस्टार्ट मी रात्री दुकान बंद करताना मारतो, तेव्हा कुणाला फोन लावायचा नसतो.