नॉटिंगहॅम पँथर्सचं सीझन तिकीट: सप्टेंबर ते एप्रिल वापरून झाल्यावर

नॉटिंगहॅम पँथर्स हा इंग्लंडातला आइस हॉकीचा संघ. २०२४-२५च्या हंगामासाठी आम्ही घरच्या तिघांची सीझन तिकिटं काढली होती. आता हंगाम संपलाय, तेव्हा सविस्तर लिहिते. इंग्लंडात नव्याने आलेली आपली मंडळी फुटबॉलच्या तिकिटांसाठी जिवाचं रान करतात. आइस हॉकी म्हणजे नुसती मारामारी, असं कुणीतरी सांगितलेलं असतं, म्हणून तिकडे फिरकतही नाहीत. हे मुख्यतः त्यांच्यासाठी.

आयपीएल बघत वाढलेल्या माणसाने आधी एक गोष्ट समजून घ्यावी. एलिट लीग ही ब्रिटनमधली आइस हॉकीची सर्वोच्च साखळी, तिच्यात दहा संघ आहेत. प्रत्येकाचे ५४ साखळी सामने, २७ घरच्या मैदानावर आणि २७ बाहेर. ही साखळी संपल्यावर जो संघ सगळ्यात वर, तोच लीगचा विजेता. त्यानंतर पहिले आठ संघ प्ले-ऑफ खेळतात, पण तो चषक वेगळा, आणि चॅलेंज कप आणखी तिसरा. यंदा प्ले-ऑफची अंतिम लढत आमच्या पँथर्सनी कार्डिफ डेव्हिल्सना हरवून जिंकली. २०१६ नंतर पहिल्यांदाच हा मान मिळाला आणि आम्ही घसा बसेपर्यंत ओरडलो. तरीही लीगचे विजेते बेलफास्ट जायंट्सच, कारण साखळीत ते अव्वल होते. मला ही पद्धत मनापासून पटते. वर्षभर जो नीट खेळला, त्याचा मान एका वीकेंडच्या निकालाने हिरावला जात नाही.

सीझन तिकिटाची खरी किंमतही यामुळेच वसूल होते. जिंकलं तर दोन गुण, आणि ओव्हरटाइममध्ये (जादा वेळेत) किंवा शूटआउटमध्ये हरलं तरी एक गुण. ऑक्टोबरात तळाच्या संघाविरुद्ध हातचा घालवलेला गुण मार्चमध्ये टोचायला लागतो. म्हणून एका गोलने मागे असलेला संघ शेवटच्या एक-दोन मिनिटांत आपला गोलकीपर बाहेर बोलावतो आणि त्याच्या जागी बर्फावरच्या पाच जणांच्या जोडीला सहावा खेळाडू उतरवतो. मागे जाळं मोकळं! बरोबरी झाली तर किमान एक गुण हाताला लागतो, नाहीतर समोरचा संघ अर्ध्या मैदानावरून रिकाम्या जाळ्यात पक (चेंडूऐवजी असणारी चकती) सरकवतो. आमच्या रांगेतले सगळे त्या वेळी उभेच असतात. एखादाच सामना बघणाऱ्याला हा थरार दिसतो, पण त्या गुणाचं मोल हंगामभर तक्ता बघत आलेल्यालाच कळतं.

सुरुवातीला पक दिसतच नाही. तीन इंच व्यासाची काळी रबरी चकती, तीही गोठवलेली, म्हणजे उसळू नये. तिच्यामागे डोळे पळवायचे सोडून द्या आणि खेळाडूंकडे बघा. पाच जणांची तुकडी पाऊण मिनिटभर जीव तोडून स्केटिंग करते आणि खेळ चालू असतानाच कठड्यावरून उडी मारून दुसरी तुकडी आत येते. कुठली तुकडी कुणासमोर सोडायची, यात प्रशिक्षकाचं अर्धं डोकं खर्च होतं. हे उमगायला मला नोव्हेंबर उजाडला, पण त्यानंतर सामना एकदम उलगडला. गोलकीपर तर मुद्दाम बघण्यासारखा. सामन्याच्या तीन सत्रांपैकी प्रत्येकाआधी झांबोनी, म्हणजे बर्फ गुळगुळीत करणारं वाहन, फिरून बर्फ आरशासारखा झालेला असतो आणि हा पठ्ठ्या जाळ्यासमोरच्या आपल्या निळ्या चौकटीत स्केट घासघासून तो खरखरीत करून घेतो. आडवं सरकताना पाय निसटू नये म्हणून.

आमच्या संघाचा खेळाडू अॅडम जॉन्सन याच्याबद्दल लिहिल्याशिवाय पँथर्सबद्दल लिहिता येत नाही. २८ ऑक्टोबर २०२३ रोजी शेफिल्डमध्ये, स्टीलर्सविरुद्धच्या सामन्यात प्रतिस्पर्ध्याच्या स्केटचं पातं मानेला लागून तो गेला. वय अवघं २९. त्याचा ४७ क्रमांक क्लबने कायमचा निवृत्त केला. एलिट लीगने १ जानेवारी २०२४पासून गळ्याचं संरक्षक कवच सक्तीचं केलं. माझी मुलगी आता स्केटिंग शिकतेय आणि हॉकीही खेळायचंय म्हणते. मी हो म्हणाले, ते गळ्याच्या त्या संरक्षक पट्टीशिवाय बर्फावर पाऊल टाकायचं नाही या अटीवर. ज्यांची मुलं शिकताहेत, त्यांनी क्लबच्या नियमाची वाट न बघता ती आधी घ्यावी.

न आवडलेलं सांगायचं तर खेळाडूंचं येणं-जाणं. बहुतेक करार एका हंगामाचे, संघात कॅनडा आणि अमेरिकेतून आलेले पुष्कळ. ज्याच्या नावाचा शर्ट पोराने हट्टाने घेतला, तो उन्हाळ्यात दुसऱ्या देशात गेलेला असतो. लीगचं अर्थकारण मला समजतं, तरी दोन-दोन वर्षांचे करार वाढायला हवेत असं ठाम वाटतं. स्थानिक ब्रिटिश खेळाडू हा त्यावरचा उतारा. तेच वर्षानुवर्षं टिकतात, तेव्हा मुलांना शर्ट घ्यायचाच असेल तर त्यांच्या नावाचा घ्या. अर्ध्या हंगामाचं वेळापत्रकही ओबडधोबड वाटतं. कधी पंधरवडा घरचा सामनाच नाही, कधी चार दिवसांत दोन.

जागा निवडताना काचेला लागून बसायचा मोह टाळा. टक्कर जवळून दिसते, काच दणाणते, पण पलीकडच्या टोकाला काय चाललंय ते कळत नाही आणि पाय गारठतात. मैदानाचे तीन भाग करणाऱ्या दोन निळ्या रेषांपैकी एकीच्या समोर, दहा-पंधरा रांगा वर बसलात तर दोन्ही बाजू दिसतात. पक कधी जाळीवरून प्रेक्षकांत येतो, तेव्हा लहान मुलं बरोबर असतील तर फोनमध्ये डोकं घालू नका. शेफिल्ड स्टीलर्सविरुद्धचे सामने लवकर भरतात, पाहुणे आणायचे असतील तर त्यांची तिकिटं आधी काढून ठेवा. आमच्या सासूबाई सांगलीहून आल्या होत्या, त्यांना आम्ही नेमकं त्याच सामन्याला नेलं. पहिल्या सत्रात त्या कानावर हात ठेवून बसल्या होत्या आणि तिसऱ्यात पंचाला मराठीत जाब विचारत होत्या.

पुढच्या हंगामाचं नूतनीकरण केलंय, या वेळी चार तिकिटं.